शेवरगव्हाणचं खारं आभाळ

फार वर्षांपूर्वी, विलायतेत राणीचं राज्य होतं आणि नगरच्या बाजूला मोठा दुष्काळ नुकताच होऊन गेला होता, तेव्हा कुशाबा नावाचा एक चितारी होता. शेवरगव्हाणच्या वाडीत आजही त्याची गोष्ट सांगायची एक रीत आहे. आधी त्याचा हात सांगायचा, मग त्याची जीभ, आणि सगळ्यात शेवटी त्याची मान. मधलं काही गाळायचं नाही. लाज वाटली तरी गाळायचं नाही.

तर आधी हात.

कुशाबाचा बाप घोड्यांची खोगिरं शिवायचा आणि त्यांच्यावर वेलबुट्टी काढायचा. पोरानं ती वेलबुट्टी खोगिरावरून उचलून भिंतीवर नेली. देवळात द्वारपाल काढायचे असोत, पालखीचे दांडे रंगवायचे असोत, नाहीतर ताबूत सजवायचा असो, बोलावणं कुशाबालाच यायचं. असं म्हणतात, त्यानं एका देवळाच्या भिंतीवर घोडा काढला, तर सावकाराची घोडी दावं तोडून तिथे आली आणि भिंतीला मान टेकवून उभी राहिली, संध्याकाळपर्यंत हलेना. असं म्हणतात, त्यानं काढलेल्या डाळिंबावर पोपट येऊन चोच मारायचे, आणि फसलो हे कळलं की रागानं ओरडत निघून जायचे. खरं किती अन् वाढवलेलं किती, देव जाणे. पण भिंतीवरच्या चोचीच्या खुणा बघितल्याचं शपथेवर सांगणारी माणसं होती.

आता जीभ.

चितारी लोकांत एक शिस्त होती. रंग भिजवायच्या आधी पाणी जिभेवर घेऊन बघायचं. पाणी गोडं असेल तर रंग भिंतीत मुरतो. मचूळ असेल तर पुढच्या उन्हाला भिंतीतून लोणा, म्हणजे खार, वर येतो, रंग पांढरा पडतो आणि सोलून निघतो. म्हणून पाणी न चाखता कुंचला बुडवायचा नाही. हे कुशाबाला बापानं मारून मारून शिकवलं होतं. पुढे पुढे त्याची जीभ अशी तयार झाली की एका थेंबावरून तो सांगायचा, ही विहीर नदीकाठची, ही खडकातली, हिच्यात चिंचेचा पाला गळतो.

हात गुणी होता, जीभ गुणी होती. पण माणूस भित्रा होता. चार लोक काय म्हणतील या भीतीनं तो जरा कुठे पान वाजलं तरी दचकायचा. हेही सांगावं लागतं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

शेवरगव्हाण तेव्हा दोन होती. वर टेकाडावर पाटलाचं गाव, आणि खाली ओढ्यापाशी, गावकुसाबाहेर, वाडी. वरच्या विहिरीवर वाडीतल्या माणसानं पाय ठेवायचा नाही. तहान लागली तर लांब उभं राहायचं, खाली बसायचं, ओंजळ पुढे करायची. मग कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा, भांडं हाताला लागणार नाही इतक्या वरून. अर्धं पाणी ओंजळीत, अर्धं मातीत.

दुष्काळात वरचे लोक तेवढंही ओतेनासे झाले. तेव्हा वाडीनं आपली विहीर आपण खणायला घेतली. पुढे होता लिंबाजी, ठकूबाईचा नवरा. खडक लागला तरी तो थांबला नाही. शेवटी एक दिवस खडकाच्या फटीतून पाणी आलं, आणि त्याच दिवशी वरची दरड सुटली. लिंबाजीला वर काढला तेव्हा त्याच्या मुठीत ओली वाळू होती. असं म्हणतात, ठकूबाईनं ती मूठ उघडली, वाळू पुन्हा विहिरीत टाकली आणि म्हणाली, "आता हितनं कुनी तान्हेला जायचा न्हाई." तेव्हापासून वाडीत कुणी परका आला की ठकूबाई आपला पितळी गडू भरून त्याच्यापुढे उभी राहायची. आणि ते पाणी असं गोड होतं की पिणारा गडू खाली ठेवून आधी एक श्वास घ्यायचा आणि मगच बोलायचा.

त्याच दुष्काळात एक पाद्रीसाहेब धान्याच्या गाड्या घेऊन वाडीत आले आणि राहिले. वाडीतल्या बऱ्याच लोकांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे वाडीतल्याच पावलस गवंड्यानं दगड घडवून चर्च उभं केलं. वेदीपासून दारापर्यंत कमानीचं छत, दारावर एक बुटकी कमान, सगळ्याला चुन्याचा गुळगुळीत गिलावा. पण पांढरा, कोरा.

पाद्रीसाहेबांनी कुशाबाला बोलावून घेतलं आणि विलायतेहून आणलेलं एक रंगीत चित्र त्याच्यापुढे धरलं. चित्रात त्यांच्याकडचं चर्च होतं, आणि त्याच्या छतावर निळंभोर आभाळ होतं, चांदण्यांनी खच्चून भरलेलं.

"असं आभाळ मला या लोकांसाठी पाहिजे," पाद्रीसाहेब म्हणाले. त्यांचं मराठी पुस्तकी होतं, पण शब्द मोजके असायचे. "यांनी दुष्काळात आभाळाकडे फार पाहिले, कुशाबा. तेव्हा तिथे काहीही नव्हते."

कुशाबानं चित्र हातात घेतलं. एवढं मोठं आभाळ त्याला आजवर कुणी काढायला सांगितलं नव्हतं. तो लगेच हो म्हणाला. घरी मात्र चुलते-मालते गोळा झाले. "अरे, त्या वाडीत जाणार? आणि खाणार-पिणार कुठं?" कुशाबा म्हणाला, "हात तिथं नेईन. तोंड नेणार नाही." हे ऐकून चुलत्यांचं समाधान झालं, आणि त्याचंही झालं.

चैत्राच्या उन्हात तो गाढवावर रंगांच्या थैल्या लादून वाडीत पोचला. चर्चच्या दारात पाद्रीणबाईंनी बुचाचं एक काडीएवढं रोप नुकतंच लावलं होतं. त्या रोपापाशी ठकूबाई गडू घेऊन उभी.

"घ्या बुवा. उनातनं आलासा."

कुशाबाचा घसा कोरडा पडला होता. पण गडू बघून तो दचकला. नाही म्हणायची हिंमत नाही आणि घ्यायचीही नाही. तोंडातून भलतंच निघून गेलं.

"माझं व्रत आहे, बाई. दुसऱ्याच्या हातचं पाणी चालत नाही."

"आगं बया. कुन्या देवाचं?"

"ते... सांगायचं नसतं."

ठकूबाईनं त्याच्याकडे नीट बघितलं. एवढंच म्हणाली, "बरं. सुटलं की सांगा." आणि गडूतलं पाणी तिनं वाया जाऊ दिलं नाही. हळूच त्या बुचाच्या रोपाला घातलं.

परांचीवरून पावलस गवंडी हे सगळं बघत होता. त्याच्या जिभेला हाड नव्हतं. तो वरूनच ओरडला, "बुवा, तुमचं गाढव तर आमच्या हौदावर मजेत पाणी पितंय की! त्याला न्हाई वाटतं व्रत?"

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. कुशाबा कानापर्यंत लाल झाला.

आता खरी अडचण पुढे होती. रंग भिजवायला पाणी हवं, आणि पाणी चाखल्याशिवाय घ्यायचं नाही. वाडीच्या विहिरीचं पाणी चाखायचं म्हणजे जिभेवर घ्यायचं. जिभेवर घेतलं म्हणजे प्यायलंच की. मग घरी काय सांगणार? तो विहिरीच्या काठापर्यंत गेला, आत वाकून बघितलं. पाणी असं निवळ, की तळाचा खडक दिसत होता. त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि तो मागे फिरला. तडक टेकाड चढून पाटलाच्या विहिरीवर गेला. तिथलं पाणी त्यानं चाखलं.

मचूळ होतं.

जिभेनं त्याला सांगितलं. अगदी स्पष्ट सांगितलं. कुशाबा ओंजळ धरून उभा राहिला, आणि मनाशी म्हणाला, थोडंसंच मचूळ आहे. डिंक जरा जास्त घालू. चालून जाईल. आणि त्यानं पखाल भरून गाढवावर लादली.

असं म्हणतात, त्या क्षणी घरी खुंटीवर टांगलेलं त्याच्या बापाचं खोगीर आपोआप खाली पडलं.

रोज तो टेकाडावरून पखाल आणायचा. पावलसला राहवलं नाही. एक दिवस तो गंभीर होऊन म्हणाला, "चितारीबुवा, आता चेष्टा न्हाई करत. त्या पान्यात डाळ शिजत न्हाई. तुमचं आभाळ कसं शिजनार?"

"माझं काम मला कळतं," कुशाबा म्हणाला. पण वर बघून नाही म्हणाला.

"कळतंय तर. पानी चामड्याच्या पखालीतलं चालतंय. चांदनीचा साचा चामड्याचा, त्योबी चालतोय. चालत न्हाई ती फकस्त आमची मातीची घागर." आणि पावलस पुन्हा थापी चालवू लागला.

साचा खरंच चामड्याचा होता. बापाच्या जुन्या खोगिराच्या तुकड्यातून कुशाबानं चांदणी कापून काढली होती. निळीचा थर वाळला की तो साचा छताला लावायचा आणि वरून हरताळाचा पिवळा रंग थोपटायचा. साचा उचलला की खाली चांदणी. परांचीवर उताणं पडून, मान मोडेपर्यंत तो चांदण्या उमटवत राहायचा. आणि रोज खाली ठकूबाई गडू भरून आणायची, परांचीच्या पायाशी ठेवायची, आणि निघून जायची. संध्याकाळी यायची. गडू तसाच भरलेला असायचा. पाणी बुचाला जायचं.

एक दिवस मात्र वेगळं झालं. वैशाख पेटला होता, पखाल संपली होती, आणि परांचीवर कुशाबाच्या डोळ्यांपुढे खऱ्याच चांदण्या नाचायला लागल्या. तो कसाबसा खाली उतरला. समोर गडू. गडूच्या अंगावर दव धरलं होतं. चर्चमध्ये कुणी नव्हतं. त्यानं हात पुढे केला. बोटं पितळेला लागली, गार. तेवढ्यात दारात कुणीतरी खोकललं. कुशाबाचा हात भाजल्यासारखा मागे आला. दारात पाटलाचा गुराखी होता, चुकलेली शेळी शोधत आला होता. त्यानं काही बघितलंही नव्हतं.

पण खांबाआड ठकूबाई उभी होती. तिनं सगळं बघितलं होतं. त्या दिवशी तिनं संध्याकाळची वाट बघितली नाही. गडू उचलला, बाहेर गेली. बुचाच्या मुळाशी पाणी ओतल्याचा आवाज कुशाबाला आत ऐकू आला. आयुष्यभर तो आवाज त्याच्या कानातून गेला नाही, असं म्हणतात.

पावसाळा तोंडावर आला आणि आभाळ पुरं झालं, पार दारावरच्या कमानीच्या पोटापर्यंत. कसं झालं म्हणून सांगू! असं म्हणतात, पाकोळ्या दारातून आत शिरायच्या आणि छताकडे झेपावायच्या, बाहेरच आहोत समजून. पाद्रीसाहेब खाली उभे राहून टोपी हातात घेऊन नुसते बघत राहिले. मग त्यांनी छताखाली मोठा पडदा ताणून बांधला आणि सांगितलं, पीक घरात आलं की आद्यफळांच्या सणाला पडदा काढायचा. तोवर कुणी बघायचं नाही. आणि त्या दिवशी कुशाबाच्या डोक्याला पागोटं बांधायचं.

पाऊस झाला. बाजरी पिकली. आश्विनातलं ऊन तापलं. सणाच्या दिवशी वाडीतल्या बाया कणसांच्या पेंढ्या डोक्यावर घेऊन आल्या, पुरुष डफ-टाळ घेऊन आले. वरच्या गावातले काही जण कुतूहलानं अंगणात उभे राहिले. कुशाबाही आला, पण आत नाही गेला. उंबऱ्याबाहेर, वरच्या गावच्या लोकांत उभा राहिला. पाद्रीसाहेबांच्या हातात पागोटं तयार होतं. त्यांनी दोरी ओढली. पडदा सरकला.

"आई गं!" कुणीतरी म्हणालं. निळं आभाळ आणि चांदण्याच चांदण्या. बायांच्या डोळ्यांत पाणी आलं. डफ वाजायला लागले, भजन सुरू झालं, सगळ्या वाडीचा एक सूर लागला.

मग वरून एक आवाज आला; पहिल्यांदा तो कुशाबानंच ऐकला. वाळलेलं पान चुरगळावं तसा. डफाच्या ठोक्यासरशी पुन्हा. त्यानं मान वर केली. पुढे ठकूबाई बसली होती, तिच्या पदरावर काहीतरी पांढरं पडलं. मग पलीकडच्या माणसाच्या डोक्यावर. मग कणसांवर. मग सगळीकडे.

"आई, आभाळातनं पीठ पडतंय!" एक पोर आनंदानं ओरडलं.

लोकांना आधी वाटलं, हा काही चमत्कारच आहे. कुणी हात पसरले, कुणी पदर पसरले. पण वर बघितलं तर निळ्याला जागोजागी पांढरी बुरशी आल्यासारखी दिसत होती आणि चांदण्या एकेक करून सुटत होत्या. पावलस गवंड्यानं तळहातावरचा पांढरा कण जिभेवर ठेवला. त्याचं तोंड वाकडं झालं.

"खारं हाय," तो म्हणाला.

भजन थांबलं. मग दुसऱ्यानं चाटून बघितलं, तिसऱ्यानं. खारं. खारं. वाडीच्या पाण्यानं पावलसनं केलेला रंगाखालचा गिलावा जागच्या जागी होता, त्याला ओरखडासुद्धा नव्हता. पांढरं पडलं होतं ते फक्त कुशाबाचं आभाळ. कुणी काही सांगायची गरजच नव्हती. कोणती विहीर, ते सगळ्यांना कळलं. व्रत कसलं होतं, तेही कळलं. सगळ्या वाडीच्या माना दाराकडे वळल्या.

एकही शिवी आली नाही. आली असती तर बरं झालं असतं. ठकूबाई उठली, पदर झटकला नाही, तशीच दारापाशी आली. तिच्या खारानं पांढऱ्या झालेल्या केसांत एक पिवळी चांदणी अडकली होती.

"बुवा," ती म्हणाली, "तुमचं व्रत खारं निघालं की हो."

कुशाबाची मान खाली गेली. ती गेली ती गेलीच. पाद्रीसाहेबांनी हाक मारली, पण तो थांबला नाही. गाढव तिथेच राहिलं, रंग तिथेच राहिले, आणि पागोटं साहेबांच्या हातात राहिलं.

इथून पुढे मानेची गोष्ट.

असं म्हणतात, त्या दिवसापासून कुशाबा जिथे रंगवायला बसला तिथे लोणा उठला. पाणी नदीचं घेतलं तरी, पावसाचं घेतलं तरी. त्यानं रंगवलेला निळा कृष्ण आठवड्यात पांढरा पडला. त्याच्या जुन्या घोड्याचे पाय भिंतीवरून गळाले. आणि जिभेचं तर विचारूच नका. दूध खारं, उसाचा रस खारा, सणाच्या दिवशीची पुरणपोळी खारी. तो बायकोवर ओरडायचा, "किती मीठ घातलंयस!" आणि ती बिचारी रडत म्हणायची, "अहो, यात मीठ घालायचं असतं का?" हळूहळू त्याला कुणी कामाला बोलावेना. चुलते-मालतेही विचारेनासे झाले. ज्यांच्या भीतीनं त्यानं तोंड चुकवलं, तेच आता त्याचं तोंड चुकवू लागले. बायको तापानं गेली. रस्त्यानं चालताना तो मान वर करायचा नाही, कारण वर आभाळ होतं.

अशी किती वर्षं गेली कोण जाणे. शेवटी एका कडक उन्हाळ्यात एक वाकलेला म्हातारा शेवरगव्हाणच्या वाडीत आला. काडीएवढं लावलेलं बुचाचं झाड चर्चच्या शिखराच्याही वर गेलेलं त्यानं बघितलं, म्हणजे आधी त्याची सावली बघितली. ते कुठल्या पाण्यावर वाढलं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तो त्या सावलीतच बसला.

ठकूबाई आता खूप म्हातारी झाली होती, डोळे गेल्यातच जमा होते. पण परका आलाय असं पोरींनी सांगितल्यावर ती गडू घेऊन आलीच.

"कोन हाय? घ्या, पानी घ्या."

म्हातारा बोलेना.

"मुका हाय का काय?"

"ठकूमाय," तो म्हणाला, "मी कुशाबा."

झाडाशेजारच्या विहिरीवरच्या बायांचे रहाट थांबले. ठकूबाईनं पुढे केलेला गडू मागे घेतला आणि छातीशी धरला.

"व्रत सुटलं का?" मग तिनं विचारलं.

"व्रत नव्हतंच, माय. मी खोटं बोललो. लोकांना भ्यालो. पाणी खारं आहे हे मला माहीत होतं, तरी मी ते तुमच्या डोक्यावर लावलं."

"ह्ये मला पयल्याच दिशी कळलं हुतं, बाबा. पर तुज्या तोंडनं यायला एवढा येळ लागला." तिनं नाकानं एक सुस्कारा सोडला. "आन् आजून एक. ज्या दिशी तू गडवाला हात लावलास आन् मागं घेतलास ना, त्या दिशी म्या लई रडले. बाकीचे दिस मी म्हनायचे, त्याला चूक कळतच न्हाई. त्या दिशी कळलं की तुला कळतंय."

कुशाबा झाडापासून सरकला, आणखी लांब गेला. उकिडवा बसला. मान खाली घातली आणि दोन्ही हातांची ओंजळ करून पुढे धरली. वरच्या विहिरीवर वाडीच्या माणसांना बसावं लागायचं, अगदी तसा.

बायांना ते लगेच ओळखू आलं. त्यांच्यातली एक चवताळून म्हणाली, "आज्जे, वत वरनं! आपल्याला वततात तसं वत! कळू दे त्याला!"

ठकूबाईला नीट दिसत नव्हतं. तिनं वाकून हात फिरवला, तर हाताला त्याची ओंजळ लागली. ती थबकली. मग तिनं ती ओंजळ आपल्या हातानं मोडली.

"न्हाई," ती म्हणाली. "माज्या मालकाच्या हिरीवर कुनी असं बसायचं न्हाई. उठ. नीट बस. गडू घे हातात आन् लाव तोंडाला."

असं म्हणतात, कुशाबानं गडू तोंडाला लावला तेव्हा सगळी वाडी विहिरीपाशी जमली होती, आणि त्याच्या घशाचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. गडू रिकामा झाला. त्यानं तो खाली ठेवला, एक श्वास घेतला.

"गोड आहे," तो म्हणाला, आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला.

दुसऱ्या दिवशी त्यानं परांची मागितली. पावलस गवंडी आता थकला होता, पण त्यानं स्वतः उभं राहून ती बांधून घेतली. "बुवा, या खेपेला डाळ शिजल," एवढंच म्हणाला. कुशाबानं जुनं आभाळ खरवडून काढलं. नीळ वाडीच्या पाण्यात भिजवली, आणि प्रत्येक घागर चाखून भिजवली. म्हातारे हात थरथरायचे, पण असं म्हणतात की साचा छताला लागला की थरथर थांबायची. असंही म्हणतात की त्याच्या कुंचल्यातून जमिनीवर एक थेंबसुद्धा सांडला नाही, कारण त्या विहिरीचं पाणी त्याला आता मातीत जाऊ द्यायचं नव्हतं.

सगळं छत निळं झालं. फक्त आत शिरताना दारावर जी बुटकी कमान आहे, तिच्या पोटात तळहाताएवढा जुना रंग त्यानं तसाच ठेवला. लोणा धरलेला, पांढरा. आता म्हातारे झालेले पाद्रीसाहेब म्हणाले, "कुशाबा, एवढे राहिले."

"राहू द्या, साहेब. तेवढं माझं आहे."

तो परत गेला नाही. वाडीतच राहिला आणि वाडीतच मेला. कुणी म्हणतं त्यानं बाप्तिस्मा घेतला, कुणी म्हणतं नाही घेतला. बुचाखाली त्याची जागा आहे. तिच्यावर क्रूस नाही आणि शेंदूरही नाही. दगडात कोरलेला एक गडू आहे, एवढंच. आणि छताला आजवर लोणा लागलेला नाही. चर्चला पुन्हा रंग द्यायची वेळ आली, तर रंगारी कुठलाही असो, शहरातला असो, वाडीतली सगळ्यात म्हातारी बाई त्याला आधी विहिरीचं पाणी देते. तो प्यायला तरच शिडी लावू देतात. पाव्हणा घरात येऊन "पाणी नको" म्हणाला, तर पोरं हसत विचारतात, "व्रत आहे का?"

आणि आद्यफळांच्या सणाला, बुचाची पांढरी फुलं अंगणभर पडलेली असतात तेव्हा, आत जायच्या आधी प्रत्येक जण कमानीत हात वर करतो, त्या पांढऱ्या जागेवर बोट फिरवतो आणि ते जिभेला लावतो. लहान पोरांना उचलून धरतात. इतकी बोटं फिरली, पण ती जागा झिजत नाही. असं म्हणतात, लोणा रातोरात भरून येतो. जिभेला खारं लागलं की मग गडू पुढे येतो. एकच गडू, सगळ्यांना, तोंडाला लावून प्यायचा.

आता त्या दिवशी वरच्या गावातली माणसंही खाली येतात. तीही रांगेत उभी राहतात, बोट फिरवतात, चाटतात, मग पाणी पितात. खारं चाटताना मात्र तिथे कुणी कुणाकडे बघत नाही.